साम्य : चार टक्के

अंबाजोगाई
सोमवार, ९ जून २०२५

शाईस्ता,

नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तीन वर्षांनी लिहिते आहे. तू माझा नंबर बंद केला आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. तुझा पालीचा पत्ता तुझ्या भावाकडून, मुनव्वरभाईंकडून, त्यांच्या फळांच्या गाड्यावर जाऊन घेतला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं नाही. पपई मात्र नेहमीसारखी स्वतः निवडून दिली.

लिहिण्याचं कारण साधं आहे. ३० जूनला माझी पीएच.डी.ची मुदत संपते. दोन वेळा वाढवून झाली, आता मिळणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवला नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की कॉलेजातली कायम जागाही गेली, जिच्या आशेवर मी अठरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. आणि ते संकेतस्थळ फक्त आपल्या उपकेंद्राच्या वायफायवरून उघडतं. मोबाइलच्या नेटवर नाही, कॅफेत नाही. काही जणांनी दुकानातून प्रबंध लिहून घेऊन तिथूनच चढवले म्हणे, तेव्हापासून हा नियम आहे.

तर मी आठवडाभर लॅपटॉप घेऊन उपकेंद्रात बसते आहे. वायफायसाठी अर्ज भरावा लागतो. माझा परत आला. जोडणीचं काम मुस्तकीम नावाचा कंत्राटी माणूस बघतो. तो तुझ्यानंतर आला. त्यानं अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्याडम, ह्यो तर तुमच्या घराचा पत्ता हाय."

"इथं 'यंत्राचा भौतिक पत्ता' असं विचारलंय. लॅपटॉप माझ्या घरीच असतो."

"सगळ्यांनी असंच लिवलंय बघा. ह्या एकानं तर 'मुक्काम पोस्ट धर्मापुरी, देवळाच्या मागं' लिवलंय. लॅपटॉप काय देवळामागं ऱ्हातो का? प्रत्येक मशीनला कारखान्यातच एक बारा अक्षरांचा नंबर देत्यात. त्यो त्याचा पत्ता. कोणत्या शहाण्यानं ह्ये मराठी केलंय कुणास ठाऊक!"

तो शहाणा मीच. मागच्या वर्षी माझ्या मार्गदर्शक सरांनी उपकेंद्राचे सगळे इंग्रजी अर्ज मराठीत करायला मला दिले होते. मी शब्दाला शब्द ठेवत गेले आणि अर्थ कळतो आहे की नाही हे एकदाही तपासलं नाही. मुस्तकीमला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? घरी येताना तेच डोक्यात होतं.

बाकी ठीक. प्रबंधाची पाच प्रकरणं तयार आहेत. चौथं फळबाजाराचं. जाताना वह्या आणि रेकॉर्डिंगची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून तू म्हणाली होतीस, "तूच ठेव." ते साहित्य मी वापरावं, एवढं एकदा दोन ओळींत लिहून कळवलंस तर बरं होईल. नुसतं औपचारिक म्हणून.

त्या चौकशीबद्दल आता काय लिहू? मला जे विचारलं त्याचं मी खरं तेच उत्तर दिलं.

रोहिणी


अंबाजोगाई
शनिवार, १४ जून

शाईस्ता,

उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहिते आहे.

लॅपटॉपचा बारा अक्षरांचा नंबर शोधून अर्ज पुन्हा भरला. तरीही जोडणी झाली नाही. तीन दिवस 'ओळख पटली नाही' एवढंच पडद्यावर येत होतं. शेवटी मुस्तकीमनं माझा अर्ज आणि संगणकावरची नोंद शेजारी शेजारी धरली. अर्जाच्या डोक्यावर 'सर्व माहिती मराठीतच भरावी' अशी सूचना आहे, म्हणून मी आकडेही मराठीत काढले होते. नोंद करणाऱ्या मुलाला माझा मराठी एक इंग्रजी नऊ वाटला आणि सात वाटला सहा. नियम पाळला म्हणून अडले. ती सूचनाही मीच मराठीत केलेली.

मग मुस्तकीमनं मला समोर बसवून नंबर तोंडी सांगायला लावला. बी आणि डी ऐकायला सारखेच वाटतात, म्हणून त्याची पद्धत वेगळी आहे.

"म्याडम, ए म्हणलं की अंबाजोगाई. बी म्हणलं की बीड. डी म्हणलं की धारूर. सांगा आता."

"चार, शून्य, बीड, सात, धारूर, धारूर..."

"दोनदा धारूर?"

"दोनदा."

"सी आला तर चौसाळा म्हणा."

व्हरांड्यातला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्याडम तिकीट काढायलेत का?" मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले आणि लगेच वाटलं, हे तुझ्या वहीत जायला हवं होतं. तू असल्या गोष्टी ऐकताक्षणी टिपून घ्यायचीस. मी मागून पुस्तकात शोधायची.

जोडणी अजून नाही. नवी नोंद मंजूर व्हायला वेळ लागतो.

त्या दोन ओळी पाठव.

रोहिणी


अंबाजोगाई
बुधवार, १८ जून

शाईस्ता,

जोडणी अजून नाही. मुस्तकीम म्हणतो आणखी दोन-चार दिवस जातील. सर रोज फोन करतात. थकायला होतं. तासिका संपवून उपकेंद्रात, तिथून घरी, पुन्हा सकाळी कॉलेज. प्रबंधाची फाइल उघडते आणि चौथ्या प्रकरणाच्या आधी थांबते.

आज एवढंच.

रोहिणी


अंबाजोगाई
सोमवार, २३ जून

शाईस्ता,

नऊ तारखेचं पत्र आज परत आलं. वर निळ्या शाईत 'घेण्यास नकार'. आमच्या भागातले पोस्टमन गहिनीनाथ दारातूनच म्हणाले, "म्याडम, तुमचं तुमालाच आलंय."

म्हणजे बाकीचीही तशीच येणार. तू हे वाचणार नाहीस असं गृहीत धरलं की लिहिणं सोपं जातं, ही गोष्ट मला आवडलेली नाही. तरी लिहिते.

अठरा तारखेच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जोडणी सतराला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता झाली होती. पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी भरली आणि मुस्तकीम ओरडला, "लागलं बघा म्याडम! आता उडवा." मी त्याला हात जोडून म्हटलं, सरांचा फोन आला तर अजून लागलं नाही म्हणून सांग. तो चकित झाला. "कावून? पंधरा दिस माझा जीव खाल्ला ना तुमी?" मी म्हटलं, अजून थोडं तपासायचं आहे. त्यानं मान हलवली. सरांना त्यानं काय सांगितलं माहीत नाही. सरांनी मला वेगळं काही विचारलं नाही. नवऱ्यालाही, रविराजलाही, मी हेच सांगितलं आहे की वायफाय लागत नाही. तो बिचारा रोज कुणाची तरी ओळख काढून फोन करतो.

वायफाय लागत नव्हतं तोवर मला बरं चाललं होतं. खरं कारण एवढंच.

संकेतस्थळावर प्रबंध चढवण्याआधी दोन पायऱ्या आहेत. पहिली, साहित्यचोरीची तपासणी. ती मी बुधवारी केली, तुला अठराचं पत्र टाकून आल्यावर. संगणक आपला प्रबंध जगभरच्या छापील मजकुराशी ताडून बघतो आणि किती टक्के साम्य ते सांगतो. दहाच्या आत चालतं. माझं चार टक्के आलं. कुठे साम्य आहे तिथे तो लाल रंग देतो. प्रस्तावनेत थोडा लाल, जनगणनेच्या आकड्यांना लाल, संदर्भसूचीला लाल. चौथं प्रकरण पहिल्या पानापासून एकाहत्तराव्या पानापर्यंत पांढरं स्वच्छ. तिथे त्याला काहीच सापडलं नाही. कारण तू ते कुठे छापलंच नव्हतंस.

खाली प्रमाणपत्र आलं, हिरव्या चौकटीत. माझं नाव, आणि 'मौलिक'.

दुसरी पायरी म्हणजे घोषणेपुढच्या चौकोनात खूण करायची. 'सदर प्रबंध हे माझे स्वतःचे कार्य असून...' हे वाक्यही मीच मराठीत केलं आहे. मूळ इंग्रजीत 'स्वतःचे' असा जोर नव्हता. मला वाटलं, मराठीत त्याशिवाय वजन येत नाही.

काल तुझी रेकॉर्डिंग ऐकली. अजमतबी गिऱ्हाइकासमोर कसं बोलायच्या आणि शेजारच्या गाड्यावरच्या बाईशी कसं, दोन्ही एकाच दमात आहे. गिऱ्हाईक सीताफळ दाबून बघतंय, त्याला त्या म्हणतात, "घ्या काका, उद्या पिकंल," आणि त्याच सुरात शेजारणीला सांगतात की हा घेणारा नाही, याच्या हाताला घाई नाही. मी दहा वर्षं त्या बाजारात उभी राहिले असते तरी मला ते ऐकू आलं नसतं. मधेच त्या तुला विचारतात, "पोरी, ये सब लिखके क्या होनेवाला?" आणि तू म्हणतेस, "अम्मी, डॉक्टर होऊंगी." मागे कुणीतरी हसतं. ती मी.

अजमतबी गेल्या तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तिथल्या पंक्चरवाल्याकडे उगाच गाडीत हवा भरून घेतली आणि परत फिरले.

आता तेही लिहिते. त्या दोन महिन्यांत तू अम्मीबरोबर दवाखान्यात होतीस. पीएच.डी.च्या सक्तीच्या वर्गांच्या हजेरीपटावरच्या तुझ्या सह्या मी केल्या होत्या. तू सांगितलं नव्हतंस. तुला ते माहीतही नव्हतं. मला वाटलं, मैत्रिणीसाठी एवढं करावं. समितीनं विचारलं, "शाईस्ता मॅडम वर्गाला येत होत्या का?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. मग विचारलं, "मग या सह्या कुणाच्या?" मी म्हटलं, "सांगता येणार नाही." तीन वर्षं मी त्या तीन शब्दांत राहते आहे. सांगता येणार नाही, म्हणजे माहीत नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. सांगता येणार नाही, म्हणजे सांगायची हिंमत नाही, असं मी मनात धरलं. त्यात खोटं कुठेच नव्हतं. त्यांनी सह्या तुझ्याच धरल्या आणि तुझी नोंदणी रद्द झाली.

रोहिणी


अंबाजोगाई
शुक्रवार, २७ जून

शाईस्ता,

सरांना सगळं नाही, अर्धं सांगितलं. म्हटलं, चौथं प्रकरण शाईस्ताच्या साहित्यावर आहे, तिचं नाव घालता येईल का?

सर म्हणाले, "ऋणनिर्देशात लिहा की. 'माझी मैत्रीण शाईस्ता हिचे सहकार्य लाभले.' पुरे झालं."

"सर, सहकार्य नाही. सगळं प्रकरणच तिचं आहे. मी फक्त तळटीपा घातल्या आणि भाषा सारखी केली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "रोहिणीबाई, प्रबंधाला दोन लेखक नसतात. प्रकरण काढलं तर उरतं काय? नाव बाजारबोलीचं आणि आत बाजारच नाही. बाहेरचा परीक्षक दारातूनच परत पाठवेल. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. तुम्ही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनी. आता मला हे सांगू नका. मी ऐकलेलं नाही, असं समजा."

मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच म्हणत आले आहे, निराळ्या शब्दांत.

'तूच ठेव' या दोन शब्दांवर मी तीन वर्षं काढली. ठेव म्हणजे राहू दे, तुझ्याजवळ असू दे. पण ठेव म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं दिलेली, परत करायची वस्तूही. मी मराठी शिकवते. मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलंही असेल. तू ते रागानं म्हणाली होतीस, पिशवी आपटून, आणि मी तेवढं वाक्य उचलून घेतलं. आपटणं सोडून दिलं.

चौदा तारखेचं पत्रही आज परत आलं. गहिनीनाथ आता माझी चेष्टा करतात. "म्याडम, कावून पैसे घालवायलेत रजिस्टरला? पाकीट म्हणून न्हाई घेत माणूस. कारड टाका. कारड आमी वाचतोत, आमचा पालीचा गडी वाचतोय, दारात जे कुणी घेईल ते वाचतंय. परत करायचं म्हणलं तरी वाचूनच परत."

मी म्हटलं, "तुम्ही दुसऱ्यांची कार्डं वाचता?"

"आता कोण टाकतंय कारड? वरसातनं चार येत्यात. न वाचता कसं द्यायचं?"

तीन दिवस उरले. रविराजनं उपकेंद्रातल्या कुणाला तरी गाठलं आणि त्याला कळलं की जोडणी दहा दिवसांपूर्वीच झाली आहे. संध्याकाळी त्यानं एवढंच विचारलं, "मग अडलंय कुठं?" मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. पण रोज तोंड पाडून बसू नको. पोरं घाबरायलेत."

रोहिणी


अंबाजोगाई
मंगळवार, १ जुलै

शाईस्ता,

काल चार वाजून चाळीस मिनिटांनी मी प्रबंध चढवला. चौथ्या प्रकरणासकट.

सबब देत नाही. कशी झाली तेवढी गोष्ट सांगते. सकाळी मी प्रकरण काढलेली फाइल तयार केली होती. दोन्ही फाइली पडद्यावर शेजारी होत्या. तीन वाजता वायफाय गेलं. आम्ही नऊ जण तिथे होतो, सगळ्यांचाच शेवटचा दिवस. एकीला रडू फुटलं. मुस्तकीम शिडी घेऊन व्हरांड्याच्या छताकडे गेला. तिथल्या वायफायच्या पेटीत चिमणीनं काड्या भरल्या होत्या. घामानं भिजलेला, केसांत काड्या, तो वरून ओरडत होता, "घाबरू नका, एकाचाबी राहू देत न्हाई!" चार वीसला जोडणी परत आली. त्यानं एकेकाला बसवून करून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा तो पाठीशी उभा होता आणि म्हणाला, "म्याडम, तुमचं पंधरा दिसापासनं तयार हाय. पटकन." मी मोठी फाइल निवडली. चौकोनात खूण केली. एका क्षणात झालं.

मग त्यानं सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाला, "मुबारक हो, डॉक्टरबाई."

रात्रभर मला वाटत होतं, आता मार्ग सापडला आहे. प्रबंधावर हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत असते. हरकतीचा अर्ज मी छापून आणला आणि तुझ्या वतीनं भरला. प्रत्येक रकाना नीट भरला, पुराव्यात तुझ्या वह्यांचे पान क्रमांक दिले, रेकॉर्डिंगच्या तारखा दिल्या. खाली फक्त तुझी सही राहिली. या पत्रासोबत तो पाठवायचा, पाकीट बंद करायचं, रजिस्टर करायचं. म्हणजे सगळं तुझ्या हातात. मला फार हलकं वाटलं.

सकाळी पाकिटाला डिंक लावताना कळलं की हलकं का वाटतंय. तू पाकीट घेणार नाहीस. अर्ज माझ्याकडे परत येईल, निळ्या शाईत 'घेण्यास नकार' लिहून, आणि मी म्हणेन, मी तर दिलं होतं, तिनंच घेतलं नाही. पुन्हा एकदा त्यात खोटं कुठेच नसेल. आणि तू घेतलंस तरी काय? चोरी मी करायची आणि तक्रारीची दगदग तू करायची, सह्यांच्या आरोपाखाली तीन वर्षं काढलेल्या बाईनं पुन्हा त्याच कार्यालयात उभं राहायचं.

अर्ज फाडला. हे पत्रही टाकणार नाही. लिहिलं, कारण लिहिल्याशिवाय मला स्वतःची लबाडी दिसत नाही. लिहिल्यावरही उशिराच दिसते.

रविराजला आत्ताच सांगितलं की जागा जाईल. तासिकाही बहुधा जातील. तो म्हणाला, "बघू." मग पोराला दप्तर भरायला लावून आत निघून गेला.

पोस्टात जाते आहे. कार्डं मिळतात का बघते.

रोहिणी


[पोस्टकार्ड]

अंबाजोगाई
गुरुवार, ३ जुलै २०२५

शाईस्ता,

बीड जिल्ह्याच्या बाजारबोलीवरचा प्रबंध मी ३० जूनला माझ्या नावानं दाखल केला. त्यातलं फळबाजाराचं चौथं प्रकरण, पानं एकाहत्तर, तू लिहिलेलं आहे. मला ते वापरायची परवानगी नव्हती. २०२२च्या हजेरीपटावर तुझ्या नावाच्या सह्या मी केल्या होत्या, तुला न विचारता. समितीपुढे मी ते लपवलं आणि शिक्षा तुला झाली.

हाच मजकूर, नावं आणि तारखांसह, दुसऱ्या कार्डावर विद्यापीठाच्या कुलसचिवांना आज टाकला. वह्या आणि रेकॉर्डिंग मुनव्वरभाईंच्या गाड्यावर दिली आहेत. तुला काहीच करायचं नाही.

हे कार्ड परत पाठवलंस तरी चालेल. तोवर ते वाचून झालेलं असेल.

रोहिणी